कोल्हापूर ते नेवार्क: विमानाचं अंतर आणि खरे तास घरबसल्या कसे काढायचे

ताईचं बाळंतपण न्यू जर्सीत होणार हे ठरलं, आई-बाबांची ऑगस्टची तिकिटं काढली आणि त्या दिवसापासून घरात एकच विषय, अमेरिका नेमकी किती लांब आणि विमानात किती तास बसायचं. तिकीट काढून देणारा म्हणाला तीस तास धरा. मामा म्हणाला सोळा. बाबांनी स्वतः तिकीट बघितलं, मुंबईतनं रात्री १.१० ला निघणार आणि सकाळी ७.४० ला पोचणार, तारीख तीच, म्हणजे त्यांच्या हिशोबानं साडेसहा तास, आणि ते एकदम खुश, "आरं आपली ट्रॅव्हल्स मुंबईला जायला ह्यापेक्षा जास्त वेळ घेतीय की!"

तिघंही खोटं बोलत नव्हते. एक जण घरापासून घरापर्यंत मोजत होता, एक जण विमानाचे तास सांगत होता आणि बाबा दोन वेगवेगळ्या देशांतल्या घड्याळांची वजाबाकी करत होते. आईला रात्रीची बीपीची गोळी कधी घ्यायची हे ठरवायचं होतं म्हणून मी बसून हे सगळं नीट काढलं, कागदावर मांडलं, आणि तेच इथं लिहितोय कारण आपल्याकडे आता प्रत्येक गल्लीत कुणाचं ना कुणाचं पोरगं बाहेर आहे आणि पहिल्यांदा विमानात बसणारे आई-बाप बहुतेक आपलेच असतात.

सगळ्यात आधी विमानतळाचं नाव नाही, कोड बघा. तीन अक्षरांचा असतो, तिकिटावर असतो, बॅगेच्या टॅगवर पण तोच असतो. आपल्या कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळाचा केएलएच, मुंबईचा बीओएम, नेवार्कचा ईडब्ल्यूआर. हे का सांगतोय, तर एका शहराला एकापेक्षा जास्त विमानतळ असतात. आपल्याला जवळचं उदाहरण म्हणजे गोवा, दाबोळीचा कोड जीओआय आणि मोपाचा जीओएक्स, कोल्हापुरातनं गाडी काढताना कुठल्या रस्त्याला लागायचं हे त्या एका अक्षरावर ठरतं. न्यूयॉर्कला जेएफके, लागार्डिया आणि नेवार्क असे तीन आहेत, त्यातलं नेवार्क तर न्यूयॉर्क राज्यातसुद्धा नाही, न्यू जर्सीत आहे, आणि ताई एडिसनला राहते म्हणून आम्हाला तेच सोयीचं. मुंबईचं पण आता एकच विमानतळ राहिलेलं नाही, ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन झालं, त्याचा कोड एनएमआय. आणि हैदराबाद नावाचं शहर पाकिस्तानात आहे, सिडनी नावाचं गाव कॅनडात पण आहे. शहराच्या नावावरनं अंतर शोधलं की असा घोळ व्हायची शक्यता असते, कोडवरनं होत नाही.

कोड मिळाला की अक्षांश-रेखांश काढा. नकाशाच्या अॅपमध्ये विमानतळावर बोट दाबून धरलं की दोन आकडे येतात, पहिला अक्षांश, दुसरा रेखांश. मी घेतलेले असे: कोल्हापूर १६.६७ उत्तर, ७४.२९ पूर्व. मुंबई १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व. नेवार्क ४०.६९ उत्तर, ७४.१७ पश्चिम. कोल्हापूर आणि नेवार्कचे रेखांश बघा, आकडा जवळपास सारखाच, ७४ च्या पुढं थोडं, फक्त एक ग्रीनिचच्या पूर्वेला आणि एक पश्चिमेला. मी पहिल्यांदा हिशोब केला तेव्हा इथंच चुकलो. पश्चिम रेखांश आणि दक्षिण अक्षांश वजा चिन्हानं लिहायचे असतात, मी वजा विसरलो आणि मुंबई-नेवार्कचं उत्तर आलं २,४०० किलोमीटर! कारण वजा काढलं की ती जागा अमेरिकेत राहतच नाही, ती येते किर्गिझस्तानात, कोल्हापूरच्या अगदी सरळ वर उत्तरेला. उत्तर असं काहीतरी अचाट आलं की आधी चिन्हं तपासा.

आता अंतर. सोपा मार्ग म्हणजे कॉम्प्युटरवर गुगल मॅपमध्ये एका विमानतळावर राइट क्लिक करून मेझर डिस्टन्स निवडायचं आणि दुसऱ्या विमानतळावर क्लिक करायचं, किंवा ग्रेट सर्कल मॅपर नावाच्या साइटवर दोन कोड टाकायचे, अंतर आणि नकाशावर वाट दोन्ही येतं. आकडा कशात आलाय तेवढं बघा, साधा मैल म्हणजे १.६०९ किलोमीटर आणि विमानवाल्यांचा सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. पण एकदा तरी हातानं करून बघा असं मी मनापासून सांगीन, अकरावी-बारावीतलं सायंटिफिक कॅल्क्युलेटर घरात कुठंतरी पडलेलं असतंयच आणि फोनचं कॅल्क्युलेटर आडवं धरलं तरी बहुतेक फोनवर साइन-कॉसची बटणं येतात.

रीत अशी. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करायचा, मुंबई-नेवार्कसाठी ०.३२७१ गुणिले ०.६५२०, आलं ०.२१३२. मग दोन्ही अक्षांशांच्या कॉसचा गुणाकार आणि त्याला रेखांशातल्या फरकाच्या कॉसनं गुणायचं. फरक काढताना एक पूर्व एक पश्चिम असल्यामुळं बेरीजच होते, ७२.८७ अधिक ७४.१७ म्हणजे १४७.०४ अंश (बेरीज १८० च्या वर गेली तर ३६० मधनं वजा करायची). त्याचा कॉस वजा ०.८३९१. म्हणजे ०.९४५० गुणिले ०.७५८२ गुणिले वजा ०.८३९१, आलं वजा ०.६०१२. दोन्ही उत्तरं एकत्र केली की वजा ०.३८८०. त्याचा इन्व्हर्स कॉस घ्यायचा, ११२.८३ अंश. पृथ्वीवरचा एक अंश म्हणजे १११.१९ किलोमीटर, गुणाकार केला की १२,५४६ किलोमीटर. झालं. कॅल्क्युलेटर डिग्रीत आहे ना ते तेवढं आधी बघा, रेडियनवर असेल तर सगळंच चुकणार, आणि एक्सेलमध्ये करत असाल तर तिथं साइन-कॉस रेडियनमध्येच चालतात, त्यामुळं अंशांचे रेडियन करून घ्यावे लागतात. पृथ्वी पूर्ण गोल नाही, ध्रुवांपाशी थोडी चपटी आहे, त्यामुळं साइटवरचा आकडा थोडा पुढंमागं येईल, जास्तीत जास्त अर्धा टक्का. आपल्या कामाला ह्यानं काही बिघडत नाही.

मग मी तेच कोल्हापूर-नेवार्कसाठी केलं, आणि मला खरंच भारी वाटलं. थेट कोल्हापूरपासनं आकडा आला १२,८५४. आणि कोल्हापूर ते मुंबई हवाई अंतर ३०९, अधिक १२,५४६, बेरीज १२,८५५. म्हणजे उजळाईवाडीतनं नेवार्कला जगातल्या सगळ्यात जवळच्या वाटेनं निघालं तरी मुंबई त्या वाटेवरच लागते! आपण म्हणतो ना उगाच मुंबईला वळसा घालून जावं लागतं, तर हा वळसा नाहीच. कोल्हापुरातनं हैदराबाद किंवा बेंगळुरूला जाऊन पुढं जायचं म्हटलं तर मात्र आधी उलट्या दिशेला जावं लागतं, हैदराबाद सुमारे ४४५ किलोमीटर, बेंगळुरू ५३० च्या आसपास, तिकीट स्वस्त असेल तर जरूर घ्या पण अंतर वाढतं हे धरून.

वाटेचं पण सांगतो कारण आईला हेच पटत नव्हतं. भिंतीवरच्या नकाशात अमेरिका डावीकडं, मग विमान अरबी समुद्र, आफ्रिका, अटलांटिक असं सरळ डावीकडं जाणार असं कुणालाही वाटतं. भाचीचा शाळेचा पृथ्वीगोल काढला आणि आईच्या शिवणाच्या डब्यातला दोरा घेतला. एक टोक मुंबईवर बोटानं दाबून धरलं, दुसरं नेवार्कवर, आणि दोरा ताणला. ढिला असताना तो आफ्रिकेवर होता, ताणला तसा सरकत सरकत वर गेला आणि थांबला तेव्हा तो सिंध, अफगाणिस्तान, कझाकस्तान, सेंट पीटर्सबर्गच्या आसपास, नॉर्वे, आइसलंड, ग्रीनलंडचं खालचं टोक आणि कॅनडा असा गेला होता. आई म्हणाली, "आगं बया, बर्फातनंच की सगळं!" भूगोलाच्या पुस्तकात बृहद्वृत्त म्हणून शिकलो ते हेच, गोलावरची सगळ्यात जवळची वाट. दोऱ्यानं अंतर पण निघतं. तोच दोरा विषुववृत्ताभोवती गुंडाळून मोजला, ६३ सेंटिमीटर भरला. पृथ्वीचा घेर ४०,०७५ किलोमीटर, म्हणजे एका सेंटिमीटरला ६३६. मुंबई-नेवार्क दोरा भरला पावणेवीस सेंटिमीटर, गुणाकार १२,५६१. कॅल्क्युलेटरच्या आणि दोऱ्याच्या उत्तरात १५ किलोमीटरचा फरक. घरात लहान पोरं असतील तर हे त्यांच्याकडूनच करून घ्या.

अंतरावरनं तास काढायचा माझा अंदाज असा आहे की लांबच्या फ्लाइटसाठी किलोमीटरला ८५० नं भागायचं आणि वर अर्धा तास धरायचा. वर गेल्यावर मोठं जेट विमान साधारण ९०० च्या वेगानं जातं पण चढताना, उतरताना वेग कमी असतो, वाट अगदी दोऱ्यासारखी सरळ नसते, म्हणून ८५०. मुंबई-लंडन सुमारे ७,२०० किलोमीटर, उत्तर येतं नऊ तास. सिंगापूर-न्यूयॉर्क ही जगातली सगळ्यात लांब थेट विमानसेवा, १५,३०० च्या वर किलोमीटर, उत्तर साडेअठरा तास, आणि वेळापत्रकात पण साधारण तेवढेच असतात. आमचं मुंबई-नेवार्क सव्वापंधरा तास आलं, तिकिटावर मात्र सोळा.

हा पाऊण तास कुठनं आला? एक म्हणजे वारा. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडनं पूर्वेकडं जोराचा वारा वाहतो, जेट स्ट्रीम म्हणतात, ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर नेहमीचं आणि हिवाळ्यात त्याहून जास्त. अमेरिकेला जाताना तो समोरनं येतो, परत येताना पाठीमागनं ढकलतो, त्यामुळं जायला सोळा आणि यायला साडेचौदा असं असतं आणि त्यात काही चूक नाही. दुसरं म्हणजे बंद आकाश. दोरा सिंधवरनं जातो पण एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपलं आकाश बंद केलं, त्याआधी २०१९ मध्ये पण काही महिने बंद होतं, तेव्हा विमान अरबी समुद्रावरनं वळसा घेऊन जातं. रशियाचं आकाश २०२२ पासनं युरोप-अमेरिकेच्या कंपन्यांना बंद आहे. म्हणजे एकाच गावाला जाणाऱ्या दोन कंपन्यांचे तास वेगळे असू शकतात. म्हणून सगळ्यात खात्रीचं काम असं करा, फ्लाइट नंबर घेऊन फ्लाइटरडार२४ नावाच्या साइटवर टाका आणि मागच्या आठवडाभरात तेच विमान रोज किती वाजता उडालं आणि किती वाजता उतरलं ते बघा. कुठल्याही सूत्रापेक्षा हे खरं.

तिकिटावरचा वेळ विमान गेटवरनं हललं तिथपासनं पुढच्या गेटला लागेपर्यंतचा असतो, नुसता हवेतला नाही. त्यामुळं जवळच्या फ्लाइटला वरचं सूत्र लावू नका. कोल्हापूर-मुंबई ३०९ किलोमीटर, हवेत पाऊण तास, पण वेळापत्रकात तासभर धरलेला असतो आणि बरोबर असतो, कारण मुंबईत दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, एका वेळी एकच चालते, वर घिरट्या घालत थांबावं लागतं.

मध्ये थांबा असेल तर दोन्ही तुकडे वेगळे मोजा. मुंबई-दुबई सुमारे १,९३० आणि दुबई-न्यूयॉर्क ११,००० च्या आसपास, बेरीज १३,००० च्या जवळ, म्हणजे थेट वाटेपेक्षा चार-साडेचारशे किलोमीटरच जास्त. अंतर वाढत नाही, तास वाढतात ते दुबईत बसून राहिल्यामुळं. आई-बाबांचे गुडघे दुखतात, पहिलाच प्रवास, इंग्रजीची भीती, म्हणून आम्ही जास्त पैसे देऊन थेट घेतलं. तरुण माणसानं मधला थांबा घेतला तर पाय मोकळे होतात, ते पण चांगलंच.

आता बाबांच्या साडेसहा तासांचं. ही चूक फार जण करतात. तिकिटावर निघायची वेळ निघायच्या गावची असते आणि पोचायची वेळ पोचायच्या गावची. दोन्ही भारताच्या वेळेत आणल्याशिवाय वजाबाकी करायचीच नाही. न्यू जर्सी आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ तास मागं आणि हिवाळ्यात साडेदहा, कारण तिकडं मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढं करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागं. ऑगस्ट म्हणजे साडेनऊ. सकाळी ७.४० अधिक साडेनऊ तास म्हणजे आपल्याकडचे संध्याकाळचे ५.१०. रात्री १.१० पासनं ५.१० पर्यंत, सोळा तास. परतीचं तिकीट उलटं फसवतं, सकाळी ११.३० ला निघून दुसऱ्या दिवशी सकाळी ११.३० ला मुंबई, बघणाऱ्याला वाटतं चोवीस तास. तिथले ११.३० म्हणजे आपले रात्रीचे ९, तिथनं दुसऱ्या दिवशीचे ११.३०, साडेचौदा तास.

आणि रात्री १.१० ह्या वेळेकडं नीट बघा. तारीख १८ लिहिलीय म्हणजे १७ च्या रात्री जेवून विमानतळावर असायला पाहिजे, आणि कोल्हापुरातनं १७ च्या दुपारीच निघायला पाहिजे. आमच्या नात्यातलं एक जोडपं १८ ला दुपारी घरातनं निघालं होतं. कराडला पोचल्यावर मुलाचा फोन आला की विमान कधीच गेलं. दोघांच्या तिकिटाचे पैसे गेले, त्या माउलीनं लेकीसाठी केलेले डिंकाचे लाडू तसेच घेऊन परत आली. मध्यरात्री बारा ते पहाटे चारमधलं विमान असेल तर कॅलेंडरवर आदल्या दिवसाच्या चौकोनात लाल पेनानं लिहा, माझं एवढं ऐकाच.

घर ते घर आमचा हिशोब असा निघाला. राजारामपुरीतनं दुपारी १२ ला गाडी, रस्ता पावणेचारशे किलोमीटर, जेवण, चहा, खंबाटकीची आणि मुंबईची गर्दी धरून रात्री ९ ला विमानतळ. चार तास चेक-इन, इमिग्रेशन आणि बसणं. सोळा तास विमान. तिकडं रांग आणि बॅगा दोन तासांपर्यंत, मग एडिसनला अर्धा तास. बेरीज साडेएकतीस तासांच्या आसपास, म्हणजे तिकीटवाल्याचे तीस तास जवळपास बरोबर होते. उजळाईवाडीतनं विमानानं मुंबईला जाणार असाल तर मुंबईत कुठल्या टर्मिनलला उतरणार ते बघा, टर्मिनल १ आणि २ एकमेकांना लागून नाहीत, बॅगा घेऊन गाडीनं जावं लागतं, आणि दोन्ही तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर पहिलं विमान उशिरा आलं म्हणून दुसरं थांबत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये तर मी म्हणतो एक दिवस आधीच मुंबई गाठा. २०१९ ला आणि २०२१ ला पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं आणि रस्ता बंद होता, तेव्हा कुणाच्याच वेळापत्रकाला काही अर्थ राहिला नव्हता. आम्ही १६ लाच ठाण्याला मावशीकडं जाऊन राहिलो.

गोळीचा प्रश्न पण ह्यातनंच सुटला. डॉक्टरांना सोळा तासांचा हिशोब दाखवला, त्यांनी विमानात भारताच्या वेळेप्रमाणेच गोळ्या घ्या आणि तिकडं गेल्यावर कशा बदलायच्या ते लिहून दिलं. तुम्ही पण विचारूनच करा, इन्सुलिन असेल तर नक्कीच. बाबांनी त्यांचं जुनं एचएमटी मुद्दाम आपल्याच वेळेवर ठेवलं, फोनचं घड्याळ तिकडं उतरल्यावर आपोआप बदलतं पण मनगटावरचं बदलत नाही. नेवार्कला उतरल्यावर त्यांनी मला फोन केला, बाहेर सकाळ होती आणि त्यांच्या हातात सव्वापाच वाजले होते. इथं मी घड्याळ बघितलं, माझ्यात पण सव्वापाचच.